जाळीपोटातली तार: ओळख, तयारी, शस्त्रक्रिया आणि टाके निघेपर्यंतची काळजी

गाई-म्हशींच्या पोटातून तार, खिळा किंवा प्लॅस्टिक काढण्याची शस्त्रक्रिया जुनी आणि भरवशाची आहे. ती उभ्या जनावरावर, जागा बधिर करून होते आणि वेळेत झाली तर बहुतेक जनावरे पुन्हा दुधावर येतात. तरीही गावोगाव एकच तक्रार ऐकू येते: ‘ऑपरेशन केलं, पण गाय वाचली नाही.’ चौकशी केली की कळते, आधी आठ-दहा दिवस ‘अपचन’ म्हणून गोडेतेल, हिंग आणि पाचक पावडरी झाल्या होत्या. त्यात गाडीतून दोनदा हलवली आणि शस्त्रक्रियेच्या सकाळी ‘अशक्त झाली आहे’ म्हणून पेंडही खाऊ घातली. चूक बहुतेक वेळा सुरीची नसते, क्रमाची असते. म्हणून हा लेख क्रमाने वाचा.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. पोट उघडणे हे नोंदणीकृत पशुवैद्यकाचेच काम आहे. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ तसेच सांगतो. शस्त्रक्रियेचा टप्पा खाली दिला आहे तो तुम्ही ती करावी म्हणून नाही. समोर काय चालले आहे ते कळावे आणि योग्य प्रश्न विचारता यावेत म्हणून दिला आहे.

## टप्पा १: पहिल्या दिवशी काय पाहायचे

गाय चारा जिभेने ओढून भराभर गिळते, चावायचे काम नंतर रवंथात. त्यामुळे कुट्टीत आलेला तारेचा तुकडा तिला जाणवतही नाही. शेळी ओठांनी निवडून खाते, म्हणून तिच्यात हा आजार क्वचित दिसतो. गिळलेली जड वस्तू कोटीपोटातून (गाईच्या चार पोटांपैकी सर्वांत मोठे) पुढे सरकून त्याला लागूनच असलेल्या जाळीपोटाच्या तळाशी बसते. जाळीपोटाच्या पुढे फक्त छाती आणि पोट वेगळे करणारा पडदा आणि त्यापलीकडे हृदय. जाळीपोट आकुंचन पावले की टोकदार तार पुढे रेटली जाते. गाभणकाळाच्या शेवटी गर्भाशय मागून दाबते आणि विताना जनावर कळा देते, त्यामुळे महिनोन्‌महिने गप्प पडलेली तार नेमकी तेव्हा टोचते.

लक्षणे अशी:

- दूध एका दिवसात निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली. हळूहळू कमी होत गेले असेल तर दुसरा आजार आधी शोधा.
- खाणे आणि रवंथ एकदम बंद.
- पाठीची कमान, पुढच्या पायांचे कोपर बाहेर काढून उभे राहणे.
- बसताना आणि उठताना कण्हणे, उतारावर चालायला नकार.
- शेण थोडे, कोरडे, गोळ्या-गोळ्यांचे.
- डावी भकाळी (शेवटच्या बरगडीमागची खोलगट जागा) थोडी फुगलेली; औषधाने उतरते, पुन्हा फुगते.

ताप मोजा. निरोगी गाईचे तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. तार टोचल्यावर पहिले दोन-तीन दिवस ते १०३-१०४ पर्यंत जाते आणि नंतर आपोआप खाली येते. इथेच लोक फसतात. ताप उतरला म्हणजे बरे वाटतेय असे समजून थांबतात, आणि आतली जखम वाढत जाते. पहिल्या दिवसाचा आकडा लिहून ठेवा, चौथ्या दिवशी डॉक्टरांना तोच हवा असतो.

इशारा: या दिवसांत तोंडाने काहीही पाजू नका. नळकांड्याने तेल पाजताना ठसका लागून ते फुफ्फुसात गेले की न्यूमोनिया होतो. मग एकाऐवजी दोन आजार. जुलाबाच्या औषधाचाही उपयोग नाही, तार शेणावाटे येत नाही.

## टप्पा २: गोठ्यात करायच्या तीन चाचण्या

वशिंडाजवळची चाचणी. एकाने गाईच्या नाकपुडीजवळ कान न्यावा, दुसऱ्याने वशिंडाच्या मागची कातडी दोन्ही हातांनी धरून जोरात चिमटावी. निरोगी गाय पाठ खाली दाबते. दुखत असलेली गाय पाठ खाली जाऊ देत नाही. ती श्वास रोखून धरते आणि मग हलकेच कण्हते. हे कण्हणे इतके बारीक असते की गोठ्यात बोलणे चालू असेल तर ऐकूच येत नाही. स्टेथोस्कोप घशाच्या नळीवर ठेवला तर नक्की कळते. एकदा करून निर्णय देऊ नका, तीन-चार वेळा करा.

दांडक्याची चाचणी. छातीच्या हाडाच्या मागे पोटाखालून जाड दांडके घालून दोघांनी दोन्ही बाजूंनी सावकाश उचलायचे आणि झटक्यात सोडायचे. तिसरा माणूस घशाकडे ऐकतो. दांडके थोडे थोडे मागे सरकवत पुन्हा करायचे. दुखणारी जागा बहुतेक वेळा अगदी पुढेच सापडते. जनावर शेवटच्या महिन्यात गाभण असेल तर ही चाचणी टाळा.

मानेची शीर. डोके सरळ पातळीत धरून मानेच्या मध्यावर शीर अंगठ्याने दाबा. दाबल्या जागेपासून छातीकडचा भाग लगेच रिकामा झाला पाहिजे. तो भरलेला, टणक दोरासारखा राहिला किंवा छातीखाली, पोळीत (गळ्याखालच्या लोंबत्या कातडीत) पाणी उतरून सूज आली असेल, तर तार हृदयाच्या आवरणापर्यंत पोचल्याची दाट शंका घ्या. डोके खाली झुकवलेल्या गाईची शीर तशीही फुगते, म्हणून डोके सरळ ठेवायचे.

पडताळणी: कोटीपोटाची हालचाल मोजा. डाव्या भकाळीत मूठ रोवून दोन मिनिटे थांबा. निरोगी जनावरात या वेळेत साधारण दोन ते तीन लाटा मुठीला जाणवतात. एकही जाणवली नाही तर तसेच लिहून ठेवा.

## टप्पा ३: डॉक्टरांकडून निदान पक्के करून घ्या

गाय खात नाही याची कारणे पंधरा असू शकतात. साधे अपचन चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत औषधाला प्रतिसाद देते. व्यायल्यानंतरच्या पहिल्या महिना-दीड महिन्यात कीटोसिस (ऊर्जा कमी पडल्याने होणारा आजार) असू शकतो. तो लघवीच्या तपासणीत कळतो आणि त्यात वशिंड चिमटल्यावर गाय कण्हत नाही. थायलेरियात (गोचिडांमुळे होणारा ताप) ताप उतरत नाही आणि गाठी सुजतात. चौथे पोट डावीकडे सरकले असेल तर बरगड्यांवर टिचकी मारून स्टेथोस्कोपने ऐकल्यावर धातूवर वाजवल्यासारखा आवाज येतो. ही नावे पाठ करू नका. पण डॉक्टरांनी यांपैकी काय काय बाजूला काढले, हे जरूर विचारा.

निदानाची साधने आणि त्यांची मर्यादा:

रक्ततपासणीत पांढऱ्या पेशी, विशेषतः न्यूट्रोफिल, वाढलेल्या दिसतात. आत दाह आहे एवढे त्यातून कळते, कुठे आहे ते नाही.

धातुशोधक यंत्र सर्वांना आवडते आणि सर्वांत जास्त फसवते. यंत्र वाजले म्हणजे पोटात लोखंड आहे, इतकेच सिद्ध होते. ठणठणीत गाईंच्या जाळीपोटातही खिळे पडलेले असतात. यंत्र वाजले एवढ्यावर पोट उघडू नये. वाजले नाही म्हणून निश्चिंतही होऊ नये, कारण तांब्याची तार किंवा प्लॅस्टिक बरेचदा त्याच्या कक्षेतच येत नाही.

क्ष-किरण आणि सोनोग्राफी मिळाली तर उत्तम. क्ष-किरणात तार आणि तिची दिशा दिसते. सोनोग्राफीत जाळीपोट हलते का, त्याभोवती पू किंवा चिकटलेले धागे आहेत का, हृदयाभोवती पाणी आहे का ते दिसते. मोठ्या जनावराच्या छातीचा क्ष-किरण तालुक्याच्या दवाखान्यात सहसा निघत नाही. परळ, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत चौकशी करा.

म्हशींसाठी वेगळी सूचना: व्यायल्यानंतर म्हैस वारंवार फुगते, शेण काळपट, चिकट आणि अगदी थोडे पडते, औषधाने काहीच फरक नाही, असे असेल तर पडदा फाटून जाळीपोट छातीत गेल्याची शक्यता असते. म्हशींत हे गाईंपेक्षा बरेच जास्त दिसते. यात आधी कोटीपोट रिकामे करतात आणि एक-दोन दिवसांनी दुसऱ्या शस्त्रक्रियेत पडदा शिवतात. गोठ्यातले हे काम नाही. थेट मोठ्या रुग्णालयात न्या.

## टप्पा ४: चुंबक, की शस्त्रक्रिया?

हा निर्णय दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी व्हायला हवा. माझ्या मते सगळ्या लेखात महत्त्वाचा टप्पा हाच.

लक्षणे नुकतीच सुरू झाली, ताप आहे, मानेची शीर ठीक आहे, तर आधी चुंबक देऊन पाहणे रास्त आहे. बोटाएवढा, दोन्ही टोकांना गोल असलेला चुंबक तोंडातून देतात. तो जाळीपोटात बसतो आणि अर्धवट रुतलेल्या तारेला मागे ओढून धरतो. सोबत प्रतिजैविक आणि सूज उतरवणारे इंजेक्शन. आणखी एक गोष्ट करायची, जी कोणी करत नाही. गाय एका जागी बांधून ठेवा आणि पुढचे पाय मागच्यापेक्षा वीतभर उंच राहतील असा मुरमाचा किंवा फळ्यांचा चौथरा करा. पोटाचे वजन मागे जाते, तार पुढे रेटली जात नाही, जखम भरायला वेळ मिळतो.

दोन-तीन दिवसांत भूक आणि दूध परतू लागले तर पोट उघडायची गरज नाही. परतले नाही, तर थांबायचेही नाही.

चुंबक कुठे चालत नाही? तार जाळीपोटाच्या भिंतीतून पूर्ण बाहेर गेली असेल, वस्तू तांब्याची वा ॲल्युमिनियमची असेल, किंवा पोटात प्लॅस्टिकचा गोळा असेल तिथे. उकिरड्यावर चरणाऱ्या गाईला ताप नाही, वशिंडाची चाचणी साफ, पण महिनाभर अधूनमधून फुगते आणि रोडावत जाते, असे असेल तर तारेपेक्षा पिशव्यांचा संशय घ्या. यात शस्त्रक्रियेला पर्याय नाही.

इशारा: पोळीत सूज, फुगलेली शीर, हृदयाचे दबलेले आणि पाणी हिंदकळल्यासारखे ठोके, ही तिन्ही असतील तर कोटीपोट उघडून काही हाती लागत नाही. अशा जनावरावर पैसे खर्च करण्याआधी डॉक्टरांना स्पष्ट विचारा. ‘करून तर बघू’ हे उत्तर पुरेसे नाही.

## टप्पा ५: शस्त्रक्रियेची तयारी

१. उपवास. चारा चोवीस तास बंद, पाणी बारा तास बंद. भरलेल्या पोटावर दाब असतो. कोटीपोट उघडताच आतले पाणी बाहेर उसळते आणि पोटाच्या पोकळीत एक ओंजळ जरी सांडली तरी पेरिटोनायटिस (पोटाच्या आतल्या आवरणाचा दाह) होतो. घरच्यांना, शेजाऱ्यांना, मुलांना सांगून ठेवा आणि गव्हाण रिकामी करा. तोंडाला बांधलेल्या मुसक्याचाही उपयोग होतो. अपवाद एकच: पोट तट्ट फुगून श्वास अडत असेल तर उपवासाची वाट पाहायची नाही.

२. शिरेतून सलाइन. चार-पाच दिवस न खाल्लेले जनावर सुकलेले असते. डोळे खोल गेलेले, कातडी चिमटून सोडली तर हळू परतते. आधी सलाइन, लागल्यास कॅल्शियम. कोरड्या जनावराला खोड्यात उभे केले की ते मध्येच बसते.

३. जागा. सावली, वारा कमी, धूळ नाही. पाणी आधीच शिंपडून ठेवा, ऐन वेळी झाडू मारू नका. खोड्याची डावी बाजू मोकळी हवी. बसलेच तर जनावर उजव्या अंगावर जाईल असे बांधा, दोर लगेच सुटेल अशा गाठीने. शेपटी मागच्या पायाला बांधा.

४. वेळ. सकाळी लवकर. उन्हाळ्यात दुपारी तर नाहीच. पावसाळ्यात माश्यांचा बंदोबस्त आधी.

५. माणसे आणि सामान. दोन धडधाकट माणसे, तीन-चार बादल्या कोमट पाणी, साबण, स्वच्छ जुने कपडे, प्लॅस्टिकचा मोठा कागद, बॅटरी. बाकी सगळे बघे अंगणाबाहेर.

पडताळणी: डॉक्टर येण्याआधी ताप, शेवटचे शेण कधी पडले, गाभण असल्यास महिना, आतापर्यंत दिलेली औषधे, हे सगळे एका कागदावर तयार ठेवा.

## टप्पा ६: शस्त्रक्रियेचा क्रम

डाव्या भकाळीवरचे केस शेवटच्या बरगडीपासून कंबरेच्या हाडापर्यंत काढतात. साबण, पोव्हिडोन आयोडीन, स्पिरिट, असा क्रम दोन-तीनदा होतो. यात घाई दिसली तर बोला.

मग कण्याजवळच्या नसांवर किंवा छेदाच्या रेषेभोवती दोन टक्के लिग्नोकेन देऊन भकाळी बधिर करतात. कण्याजवळ दिले असेल तर त्या बाजूची कातडी हाताला गरम लागते. सुई टोचून गाय दचकत नाही हे पाहिल्याशिवाय छेद घ्यायचा नाही. भूल म्हणून झायलाझिन जास्त झाले तर गाय बसते. गाभण जनावरात शेवटच्या महिन्यांत डॉक्टर ते टाळतात.

छेद उभा, साधारण वीस ते पंचवीस सेंटिमीटर. कातडी, स्नायूंचे थर, मग पोटाचा पातळ पडदा. तो उघडताच हवा आत ओढल्याचा आवाज येतो. आता कोटीपोट कापण्याआधी डॉक्टर हात आत घालून बाहेरूनच जाळीपोटाकडे चाचपतात. कुठे चिकटले आहे ते कळते. ताजे चिकटलेले धागे तोडायचे नसतात. शरीराने पू कोंडून ठेवायला केलेली ती भिंत असते.

यानंतर कोटीपोटाचा भाग बाहेर ओढून कातडीला सगळीकडून टाके घालून किंवा खास चौकटीत पकडून घट्ट बसवतात. सगळ्या सुरक्षिततेचे मर्म इथे आहे. मध्ये फट राहिली तर पाणी आत गळणारच. चौकट बसली, भोवती ओले कापड लागले, मगच कोटीपोट कापायचे.

निम्म्याहून जास्त चारा बाहेर काढतात. प्लॅस्टिक, दोर, गोणपाटाचे तुकडे इथेच निघतात. उकिरड्यावर चरणाऱ्या गाईच्या पोटातून पंधरा-वीस किलो पिशव्या निघणे नवलाचे राहिलेले नाही. मग लांब हातमोजा घातलेला हात पुढे आणि खाली जाळीपोटात जातो. आतली भिंत मधाच्या पोळ्यासारखी, षट्कोनी घरांची. नुसता तळ चाचपून तार सापडत नाही, कारण ती घरांच्या कडांमध्ये आडवी दडते आणि टोक तेवढे बोटाला लागते. भिंत चिमटीत धरून थोडी थोडी वर उचलायची. जिथे ती उचलली जात नाही, तिथे बाहेरून चिकटलेली आहे, आणि तारही बहुधा तिथेच. सापडली की आली त्याच दिशेने सरळ मागे ओढायची, वाकवायची नाही. तळातले खिळे, नाणी, वाळूही काढायची आणि शेवटी चुंबक ठेवायचा.

शिवताना कोटीपोटाला विरघळणाऱ्या धाग्याचे दोन थर, कडा आत वळवून. पहिला थर झाल्यावर पोटाचा पृष्ठभाग सलाइनने धुऊन हातमोजे आणि अवजारे बदलणे अत्यावश्यक. इतका वेळ ती शेणाच्या पाण्यात होती, त्याच हातांनी स्नायू शिवले तर टाक्यांत पू होणे ठरलेले. नंतर पडदा, स्नायू आणि शेवटी कातडी.

## टप्पा ७: पहिले पाच दिवस

पहिल्या दिवशी थोडे थोडे कोमट पाणी. दुसऱ्या दिवसापासून कोवळे हिरवे गवत मूठभर, दिवसातून चार-पाच वेळा. पेंड, सुग्रास, मुरघास आठवडाभर लांब ठेवा. कोटीपोटातले चारा पचवणारे सूक्ष्म जीव बाहेर गेलेले असतात, एकदम पीठ-पेंड घातली तर आत आम्ल साठते. निरोगी गाईच्या कोटीपोटातले पाणी नळीने काढून तीन-चार लिटर दिले तर भूक लवकर परतते. पाजणे डॉक्टरांनीच नळीने करावे.

प्रतिजैविक पाच ते सात दिवस. तिसऱ्या दिवशी गाय खाऊ लागली म्हणून इंजेक्शन बंद करणे ही इथली सर्वांत सामान्य चूक. वेदनेसाठी मेलॉक्सिकॅम घ्या. डायक्लोफेनॅकवर जनावरांसाठी २००६ पासून, तर केटोप्रोफेन आणि असिक्लोफेनॅकवर २०२३ पासून बंदी आहे. ही औषधे दिलेले जनावर मेले आणि गिधाडांनी खाल्ले तर गिधाडे मरतात. कोणी ती दिली तर नाकारा.

औषध चालू असतानाचे आणि डॉक्टर सांगतील तेवढ्या पुढच्या दिवसांचे दूध डेअरीला घालू नका.

टाक्यांभोवती हात फिरवताना कातडीखाली चुरचुर लागली तर घाबरू नका, आत अडकलेली हवा आहे, आपोआप जिरते. टाक्यांच्या खालच्या बाजूला थंड, मऊ सूज हीसुद्धा चालते.

हे दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा, किंवा १९६२ वर फिरत्या पथकासाठी फोन करा: तिसऱ्या दिवसानंतर १०३ च्या वर ताप, गरम आणि दुखरी सूज, टाक्यांतून वास येणारे पाणी, पूर्ण दिवस शेण नाही, पोट दगडासारखे कडक, पुन्हा कण्हणे.

## टप्पा ८: टाके आणि पुढे

टाके दहा ते चौदा दिवसांनी काढतात. तोवर गाय दुसऱ्या जनावरांपासून वेगळी बांधा, एकमेकांची जखम चाटतात. रोज पोव्हिडोन आयोडीन आणि माश्यांना दूर ठेवणारा फवारा. चरायला सोडणे टाके निघाल्यानंतर आठवड्याने.

तार आली कुठून हे शोधले नाही तर दावणीतली दुसरी गाय रांगेत आहे. कडब्याच्या पेंढ्या तारेने बांधल्या होत्या का? गोठ्याजवळ स्लॅबचे काम झाले, बांधणीच्या तारेचे तुकडे पडले का? गव्हाण म्हणून वापरलेल्या जुन्या टायरच्या कडेतून पोलादी तारा बाहेर आल्या आहेत का? कुट्टी यंत्राच्या तोंडाशी एक जाड चुंबक बसवा. महिन्याभरात त्याला काय चिकटते ते पाहून पटेल. दोरी, चिंध्या, माती चघळणाऱ्या जनावराला खनिज मिश्रण सुरू करा, स्फुरद कमी पडले की ही सवय लागते.

कालवडींना वर्षाच्या आसपास एक चुंबक देऊन ठेवावा. विकत घेतलेल्या गाईला आधी दिला आहे की नाही हे कळत नसेल, तर साधे होकायंत्र डाव्या कोपराच्या मागे, छातीच्या तळाशी धरा. सुई ठामपणे वळली तर आत चुंबक आहे, दुसरा देऊ नका.